परदेशातल्या कॉन्फरन्सचं तिकीट पाहिजे? मग आधी कपाटातलं ब्रेकडाऊन रजिस्टर काढा

मागच्या आठवड्यात एकाच स्पर्धेचं पोस्टर मले चार जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि चौघांचाही प्रश्न एकच, "भाऊ, हे आपल्यासाठी असते का, का फक्त पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलवाल्यांसाठी?" एकेकाला फोनवर सांगत बसलो तर रात्र जाईल, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, लांब होईल, चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हेल्थकेअर टेक्नॉलॉजीवाले म्हणजे आपणच. व्हेंटिलेटर, मॉनिटर, बेबी वॉर्मर, ऑटोक्लेव्ह, सक्शन, एक्स-रे हे सगळं चालू ठेवणारे, ज्यांना डॉक्टर "बायोमेडिकल" म्हणते आणि मावशी "मशीनवाला भाऊ" म्हणते. आपल्या लोकांसाठी वेगवेगळ्या संघटना प्रेझेंटेशनच्या स्पर्धा काढत असतात. नियम प्रत्येकाचे वेगळे पण सांगाडा तोच, आधी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे आपल्या कामाचा छोटा सारांश पाठवा, त्यातून काही निवडतात, मग परीक्षकांसमोर दहा-पंधरा मिनिटं बोला, आणि जिंकलात तर बाहेरच्या देशातल्या कॉन्फरन्सला जायचा खर्च ते करतात. मी तीनदा फॉर्म भरला. पहिल्यांदा अ‍ॅब्स्ट्रॅक्टच उडालं, दुसऱ्यांदा फायनलमध्ये हरलो, तिसऱ्यांदा विमानात बसलो. पहिल्या दोन वेळी काय माती खाल्ली ते जास्त कामाचं आहे, म्हणून तेच जास्त सांगतो.

पहिल्यांदा मी विषय घेतला होता आर्टिफिशियल इंटेलिजन्स वापरून मशीन बंद पडायच्या आधीच ओळखणे. हसू नका. तेव्हा आमच्या दवाखान्यात नेट चालत नव्हतं, मेळघाटातल्या सेमाडोहच्या घाटात गाडी शिरली की फोनची रेंज जाते आणि मी सेन्सरचा डेटा क्लाउडवर पाठवायच्या गोष्टी लिहून राहिलो होतो. सगळं यूट्यूबवरून उचललेलं. ज्यानं वाचलं असेल त्याला दोन मिनिटांत कळलं असेल की या पोट्ट्यानं हे केलेलं नाही.

तर पहिली गोष्ट, विषय बाहेर शोधू नका, आपलं ब्रेकडाऊन रजिस्टर, म्हणजे मशीन बंद पडल्याच्या नोंदींची वही, उघडा. मागच्या बारा महिन्यांत कोणत्या मशीनसाठी तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा बोलावलं ते मोजा, कागदावर सरळ चार-चार दांड्या मारून पाचवी आडवी करत मोजा. जी मशीन वर येईल तो तुमचा विषय. बहुतेक वेळा ती भारी मशीन नसतेच. एक्स-रेच्या पॅनलमध्ये पाल जाऊन बसते आणि शॉर्ट होते, स्टोअरमध्ये उंदीर ईसीजीच्या केबल कुरतडतात, व्होल्टेज खालीवर होऊन आयएलआरचा, म्हणजे लसींच्या फ्रीजचा, स्टॅबिलायझर जातो आणि २ ते ८ डिग्रीत ठेवायच्या लसी धोक्यात येतात, वॉर्मरचा स्किन प्रोब, म्हणजे बाळाच्या अंगाला लावायचा तापमानाचा सेन्सर, तीन महिन्यांत तुटते. आपल्याला वाटते यात काय सांगायचं, हे तर रोजचंच. पण ज्या परीक्षकानं आयुष्यभर एसीतल्या हॉस्पिटलात काम केलं त्यानं हे पाहिलेलं नसते, आणि जो आफ्रिकेतून किंवा नेपाळमधून आलेला असते तो लगेच मान हलवते, कारण त्याच्याकडेही तेच चालू असते.

फोटोथेरपीचं एक उदाहरण देतो कारण त्यात कोणालाही करता येईल असा विषय आहे. काविळीच्या बाळाला निळ्या लाइटखाली ठेवतात, लाइट निळा दिसला की सगळे खुश. पण लाइट लागणं आणि लाइट पुरेसा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या पट्ट्यात दर चौरस सेंटीमीटरला दर नॅनोमीटरमागं ३० मायक्रोवॅट तरी पाहिजे, तेव्हा त्याला जोरदार फोटोथेरपी म्हणता येते. कव्हरवर धूळ बसली, दिवे जुने झाले, किंवा कोणीतरी स्टँड वर सरकवून ठेवला की आकडा धाडकन खाली येते आणि डोळ्यांना फरकच कळत नाही. एक रेडिओमीटर, म्हणजे लाइटचा जोर मोजायचं यंत्र, मिळवा, उधार का असेना, आणि तुमच्या तालुक्यातल्या सगळ्या युनिटचं माप घ्या. एवढ्यावरही एक चांगलं प्रेझेंटेशन होते.

माझा विषय मात्र ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. कोविडमध्ये हे ठिकठिकाणी आले आणि मग व्हरांड्यात प्लास्टिक झाकून पडले, तुम्हीही पाहिलं असेल. दुसऱ्या लाटेत लोक ज्याच्यासाठी पाया पडत होते ते मशीन दोन वर्षांनी स्टोअरमध्ये झाडूला टेका द्यायच्या कामाला. हे मशीन करते काय तर हवा ओढते, तिच्यात ७८ टक्के नायट्रोजन असते, तो आतल्या झिओलाइटच्या दाण्यांमध्ये अडकवते आणि उरलेला ऑक्सिजन पुढे देते. नीट चालत असेल तर ९३ टक्क्यांच्या आसपास, तीन इकडंतिकडं. आता झिओलाइटचा दुश्मन म्हणजे ओलावा, आणि कॉम्प्रेसरचा दुश्मन म्हणजे धूळ आणि गर्मी. आपल्याकडं तिन्ही फुकट. बऱ्याच मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असते की ४० डिग्रीपर्यंत चालवा, आणि इथं अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी मे महिन्यात ४५ च्या वर जाते, वॉर्डाचं छत टिनाचं असेल तर आतलं विचारूच नका. दिवाळीनंतर कापूस निघाला की जिनिंगजवळच्या दवाखान्यात रुई उडते ती थेट फिल्टरवर बसते. आणि सगळ्यात भारी गोष्ट, जी मले दोन महिने कळलीच नाही, सिस्टर लोक मशीन गरम होऊन राहिली म्हणून मायेनं ती कूलरसमोर नेऊन ठेवत होत्या. कूलरची हवा म्हणजे ओली हवा. म्हणजे एका दुश्मनापासून वाचवायला दुसऱ्याच्या तोंडात दिली.

मी विचारलं तर सिस्टर म्हणे, "तुमाले गर्मी लागली का तुमी कूलरपुढं बसता, मशीनले काय गर्मी लागत नाई का?" बरोबरच होतं त्यांचं, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. हा डायलॉग मी नंतर इंग्रजी करून स्टेजवर सांगितला आणि अख्खा हॉल हसला, आणि मग पुढची दहा मिनिटं सगळे जागे होते.

उपाय एकदम साधे होते. दर सोमवारी बाहेरचा फोमचा फिल्टर धुवायचा, पूर्ण वाळवूनच लावायचा. मशीन भिंतीपासून हातभर लांब, कूलरपासून दुसऱ्या टोकाला. पडून असलेली मशीनही आठवड्यातून एकदा चालवायची. आणि महिन्यातून एकदा पूर्ण फ्लोवर अ‍ॅनालायझर लावून ऑक्सिजनची टक्केवारी लिहायची. मशीनवर हिरवा दिवा आहे म्हणून समाधान मानू नका, बऱ्याच मशीनचा अलार्म ८२ टक्क्यांच्या आसपास वाजते, म्हणजे ९० वरून ८३ पर्यंत घसरलं तरी मशीन गप्प.

मोजायचं कसं, यातच मी हरलो होतो

दुसऱ्या वेळी माझ्याकडं आकडे होते, आलेख होते, आधीचे खराब आणि नंतरचे चांगले. मी लय खुश. फायनलमध्ये एका मॅडमनं चष्मा वर करून विचारलं, तुमचे आधीचे आकडे कोणत्या महिन्याचे? मी म्हटलं एप्रिल-मे. आणि नंतरचे? नोव्हेंबर-डिसेंबर. मग त्या म्हणाल्या, तुमच्या उपायामुळं सुधारलं की थंडी पडली म्हणून सुधारलं? मी उभा. घाम. उत्तरच नव्हतं. विदर्भात राहून मे आणि डिसेंबरची तुलना करणाऱ्या माणसानं हरायलाच पाहिजे.

तर मे ची तुलना मे शी करा, पावसाळ्याची पावसाळ्याशी. याचा अर्थ वर्षभर थांबावं लागते, म्हणून स्पर्धेचं पोस्टर आल्यावर काम सुरू करायचं नाही, आजच सुरू करायचं आणि पोस्टर येईल तेव्हा येईल. एवढा वेळ नसेल तर दुसरा रस्ता, शेजारच्या एक-दोन दवाखान्यांतली तशीच मशीन त्याच महिन्यात मोजा, जिथं अजून बदल झालेला नाही. आपल्या गडचिरोलीतच याचं उदाहरण आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायचं काम ३९ गावांत केलं, पण त्याचवेळी जिथं ते काम नव्हतं अशा गावांचीही मोजदाद ठेवली, म्हणून १९९९ मध्ये ते लॅन्सेट या मोठ्या मेडिकल मासिकात छापलं गेलं आणि जगानं मानलं. बाकी आपण काय लॅन्सेटवाले नाही, पण तत्त्व तेच. फक्त एक, तुलनेसाठी म्हणून कोणत्या पेशंटच्या मशीनची सफाई थांबवायची नाही. खराब दिसली की लगेच दुरुस्त करा आणि तसं लिहून ठेवा.

कोणता आकडा काढायचा? सगळ्यात सोपा आणि सगळ्यांना कळणारा म्हणजे अपटाइम, मशीन किती टक्के दिवस चालू होती ते. ९० दिवसांत मशीन ९ दिवस बंद होती तर अपटाइम ९० टक्के, संपला हिशोब. नॅशनल हेल्थ मिशनचा बायोमेडिकल इक्विपमेंट मेंटेनन्सचा जो कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला त्यात जिल्हा रुग्णालयासाठी ९५, सामुदायिक आरोग्य केंद्रासाठी ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ८० टक्के अपटाइम धरलेला आहे. तुमचा आकडा या रेषेवर मांडा, म्हणजे परदेशातल्या परीक्षकालाही कळते की चांगलं म्हणजे किती चांगलं. दुसरा आकडा, तक्रार आली ते मशीन परत वॉर्डात गेली इथपर्यंत किती दिवस लागले. यात एक गंमत करा, ते दिवस फोडून लिहा, तक्रार कळायला किती, मी पोचायला किती, पार्ट यायला किती, दुरुस्तीला किती. माझ्याकडं दुरुस्तीला दोन तास आणि पार्ट यायला एकोणीस दिवस असं निघालं होतं एका मशीनचं. मग विषयच बदलते ना भाऊ, तुम्ही टेक्निशियन म्हणून कमी पडले नाही, कुरिअर कमी पडलं.

आणि नोंद त्याच दिवशी करा. तारीख, वेळ, मशीनचा सिरीयल नंबर, कोणी सांगितलं, काय दिसलं, काय केलं. महिन्याच्या शेवटी आठवून आठवून भरलेलं रजिस्टर लगेच ओळखू येते, एकाच पेनानं, एकाच अक्षरात, सगळ्या वेळा सकाळी १०.३०. माझ्या रजिस्टरवर चहाचे डाग होते आणि एका पानावर पावसाचं पाणी सांडून शाई पसरली होती, त्याचाच फोटो मी दुसऱ्या स्लाइडवर लावला.

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट

साधारण २५० ते ३०० शब्द मागतात. चार गोष्टी, अडचण काय होती, तुम्ही काय केलं, काय निघालं, दुसऱ्याला याचा काय उपयोग. पहिल्याच वाक्यात जागा आणि अडचण सांगून मोकळे व्हा. "भारत हा विकसनशील देश असून आरोग्य क्षेत्रात तंत्रज्ञानाचे महत्त्व" असली सुरुवात करणारे शंभर असतात, वाचणारा तिथंच झोपते. "४५ डिग्रीच्या वॉर्डात आमचे इतके कॉन्सन्ट्रेटर, त्यातले इतके ९० टक्क्यांच्या खाली" अशी सुरुवात केली की माणूस पुढं वाचते. लक्षणीय सुधारणा झाली असं लिहू नका, कितीवरून किती झाली ते लिहा. आणि जे जमलं नाही तेही एका ओळीत लिहा. माझ्या एका दवाखान्यात काहीच सुधारणा झाली नाही कारण तिथली सिस्टर बदलून गेली आणि सोमवारची सफाई बंद पडली, मी ते लपवलं नाही, आणि नंतर कळलं की परीक्षकांना तेच सगळ्यात खरं वाटलं होतं.

इंग्रजीची भीती घालवा. आपलं सरकारी पत्रांचं इंग्रजी, काइंडली डू द नीडफुल वालं, ते बाजूला ठेवा. छोटी वाक्यं लिहा, आठवीच्या पोराला कळेल अशी. मग एखाद्या इंटर्न डॉक्टरला दाखवा, व्याकरण तो पाहून देईल, पण तुमचे आकडे त्याला हलवू देऊ नका. एआयकडून दुरुस्त करून घेत असाल तर नियम वाचा, काही ठिकाणी सांगावं लागते, आणि ते जे गुळगुळीत करून देते त्यात तुमचा कूलर आणि सिस्टर दोन्ही गायब होतात.

शेवटच्या तारखेचं एक लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या संस्थेनं रात्री ११.५९ ईस्टर्न टाइम लिहिलं असेल तर उन्हाळ्यात ते आपल्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळी ९.२९ होते आणि हिवाळ्यात १०.२९. हे माहीत असलं म्हणून शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, आमच्याकडं त्या रात्री नेमकं वादळ आलं, लाइन गेली, आणि मी मोटरसायकल काढून परतवाड्याला मित्राच्या दुकानात बसून फॉर्म भरला.

फोटोचंही सांगतो. पेशंटचा चेहरा, नाव, केसपेपर नंबर, मॉनिटरवरचं नाव, काहीही दिसायला नको. बाळाचा फोटो तर नकोच, रिकाम्या वॉर्मरचा लावा. कंपनीचं नाव घेऊन खराब मशीन खराब मशीन करू नका, मॉडेलचा प्रकार सांगा पुरे. मशीनमुळं खरंच पेशंटला इजा झाली असेल तर त्याची जागा स्टेज नाही, मटेरिओव्हिजिलन्सचा, म्हणजे मशीनमुळं झालेल्या इजेची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचा, रिपोर्ट आहे, तो कार्यक्रम आपल्याकडं २०१५ पासून आहे आणि गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालते. आणि हॉस्पिटलचा डेटा वापरायची लेखी परवानगी आधी घ्या, साहेब कितीही चांगले असले तरी तोंडी "कर ना" वर जाऊ नका.

पासपोर्ट आणि परवानग्या, हे आधी वाचा मग बाकीचं

खरं म्हणजे हे सगळ्यात वर लिहायला पाहिजे होतं. लोक जिंकल्यावर पासपोर्ट काढायला धावतात. आज काढा. साधा ३६ पानांचा १५०० रुपयांत होते आणि दहा वर्षं चालते, तत्काळला वरून २००० लागतात. आपल्याकडचं ऑफिस नागपूर, आता काही पोस्ट ऑफिसांतही केंद्रं झाली आहेत. खरी डोकेदुखी नावाची असते. टीसीवर वानखडे, आधारवर वानखेडे, आणि पॅनवर वडिलांचं नाव गायब, ही आपल्याकडं घराघरातली गोष्ट आहे. आधी ते एकसारखं करा, त्यालाच महिने जातात. पोलीस व्हेरिफिकेशनला गावात कोणीतरी असू द्या, आमच्याकडं शिपाई आला तेव्हा घरचे सगळे वावरात आणि शेजारच्या काकानं सांगितलं "थो तं इथं राह्यतच नाई, दवाखान्यातच राह्यते". झालं, महिना लांबला.

सरकारी नोकरीत असाल तर पासपोर्टसाठी ऑफिसचं एनओसी किंवा प्रायर इंटिमेशनचं पत्र लागते. एनओसी म्हणजे अ‍ॅनेक्श्चर जी, इंटिमेशन म्हणजे अ‍ॅनेक्श्चर एच. एनओसीसाठी फाइल फिरत असेल तर एच वाला रस्ता सोपा, त्यात तुम्ही ऑफिसला फक्त कळवता की मी अर्ज करून राहिलो.

आता एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत आहे. परदेशी संस्था तुमचं तिकीट, हॉटेल करून राहिली असेल तर त्याला फॉरेन हॉस्पिटॅलिटी म्हणतात, आणि एफसीआरए २०१० म्हणजे परदेशी मदतीच्या कायद्याच्या कलम ६ नुसार सरकारी नोकराला, आणि सरकारच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या संस्थेतल्या कर्मचाऱ्यालाही, ती घ्यायच्या आधी केंद्र सरकारची परवानगी लागते. ऑनलाइन एफसी-२ फॉर्म असते, निघायच्या निदान दोन आठवडे आधी भरावा लागते. ही परवानगी वेगळी, ऑफिसची परदेशात जायची परवानगी वेगळी, रजा वेगळी. तिन्ही फायली एकाच दिवशी टाका. कंत्राटी असाल तरी हे आपल्याला लागू नाही असं स्वतःच ठरवू नका, आस्थापनेकडून लेखी विचारून घ्या.

व्हिसाचं देशावर आहे. अमेरिकेला बी१/बी२ म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा लागते, डीएस-१६० फॉर्म भरून मुलाखतीला मुंबई गाठावी लागते, तारखा लांबच्या मिळतात म्हणून निमंत्रणाचं पत्र हातात पडल्या पडल्या स्लॉट पाहायचा. युरोपातल्या शेंगेन देशांना ९० युरो फी, ३०,००० युरोचं ट्रॅव्हल इन्शुरन्स, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते किमान १५ दिवस आधीपर्यंत. मुलाखतीत खरं तेच सांगा, दवाखान्यातल्या मशीन दुरुस्त करतो, त्यावर बोलायला चाललो, अमुक तारखेला परत. ज्यांची शेती आहे त्यांनी सातबाराची प्रत सोबत ठेवावी, परत यायचं कारण दाखवायला बरं पडते.

आणि बक्षिसाचे नियम चार वेळा वाचा. प्रवासखर्च म्हणजे नेमकं काय, फक्त विमान की हॉटेल, रजिस्ट्रेशन, व्हिसा फी, जेवण पण? घर ते विमानतळ धरलं आहे का? आणि मुख्य, ते तिकीट काढून देतात की तुम्ही आधी काढायचं आणि मग बिल पाठवून पैसे घ्यायचे? दुसरं असेल तर लाख-सव्वा लाख तुमच्या खिशातून आधी जातात, आणि कापूस विकल्याशिवाय आपल्याकडं एवढे कुठून येणार. मी सरळ ईमेल लिहिला की मी ग्रामीण भागात काम करतो, एवढी रक्कम आधी भरणं जमणार नाही, तुम्हीच तिकीट काढाल का. एका दिवसात हो आलं. विचारायला लाजू नका. बक्षिसावर कर लागते का हे मात्र सीएला विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नको.

स्टेजवर

दहा मिनिटं असतील तर दहा स्लाइड, त्याच्या वर नको. एका स्लाइडवर एक फोटो किंवा एक आलेख. आलेखाची अक्षरं शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजेत, मी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून मागं आमच्या आईला बसवलं होतं, तिला इंग्रजी येत नाही पण आकडा दिसते का एवढं विचारलं. सराव मोबाइलवर रेकॉर्ड करून करा. आपण घाबरलो की सुसाट बोलतो, समोरच्याला वाटते एसटी चुकून राहिली का याची. हळू बोला, आकड्यानंतर थांबा.

एक वस्तू सोबत न्या. मी एक न धुतलेला फिल्टर पारदर्शक पिशवीत नेला होता, रुईनं गच्च भरलेला, तो पहिल्या रांगेत फिरवला. दहा स्लाइडचं काम त्या पिशवीनं केलं. परदेशात नेणार असाल तर मात्र वापरलेला फिल्टर नेऊ नका, कस्टमवाले आणि विमानतळवाले विचारत बसतील, मोठा फोटो न्या.

प्रश्नांची तयारी भाषणाइतकीच करा. पाच प्रश्न येतातच येतात, नमुना किती होता, हवामानाचा परिणाम वेगळा कसा काढला, खर्च किती आला, तुम्ही नसाल तेव्हा कोण करते, आणि दुसरीकडं हे चालेल का. चौथ्या प्रश्नावर बरेच जण अडकतात कारण खरं उत्तर "कोणीच नाही" असते. म्हणून सोमवारची सफाई मी करत नव्हतो, वॉर्डातल्या मावशी करत होत्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करत होत्या, कॅलेंडरचा फोटो तयार होता. प्रश्न समजला नाही तर परत विचारा, चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देण्यापेक्षा ते बरं. उत्तर येत नसेल तर मोजलं नाही म्हणून सांगा.

आणि फक्त परदेशच मोठा असं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मेडिकल डिव्हाइसेसची ग्लोबल फोरम २०१८ च्या डिसेंबरमध्ये विशाखापट्टणमला झाली होती, म्हणजे जग आपल्या रेल्वेच्या अंतरावर आलं होतं. आपल्या क्षेत्राची क्लिनिकल इंजिनिअरिंगची जागतिक काँग्रेस २०१५ ला हांगझोऊ, २०१७ ला साओ पावलो, २०१९ ला रोम अशी फिरत असते. २१ ऑक्टोबरला ग्लोबल क्लिनिकल इंजिनिअरिंग डे असते, त्याच्या आसपास ऑनलाइन कार्यक्रम होतात, तिथं पाच मिनिटं बोलून पाहा. पहिला घाम तिथंच जाऊ द्या.

निघताना

पीपीटी पेन ड्राइव्हवर, ईमेलवर आणि मोबाइलमध्ये, तिन्ही ठिकाणी, सोबत पीडीएफ पण. टूलकिट घरी ठेवा, मी सवयीनं खिशात टेस्टर घेऊन गेलो आणि नागपूर विमानतळावर सिक्युरिटीनं काढून घेतलं, चांगलं टेस्टर होतं. अंगात घालायला जाड काहीतरी घ्या, ते हॉल एवढे थंड ठेवतात की आपल्यासारख्या माणसाला मे महिन्याची आठवण येते. बायकोनं ठेचा दिला असेल तर तो चेक-इन बॅगेत टाका आणि ज्या देशात चालले तिथं चालते का ते आधी पाहा. तिथं गेल्यावर फक्त आपलं सेशन करून फिरायला पळू नका, लोकांनी आपलं काम पोस्टरवर मांडलेलं असते त्या हॉलमध्ये उभे राहा, मले तिथं भेटलेल्या एका माणसानं जुन्या कॉम्प्रेसरचे सील कसे घरी बसवायचे ते कागदावर काढून दाखवलं, तो कागद अजून माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर आहे.

आणि परत येताना बोर्डिंग पासचे अर्धुके फेकू नका, हिशोब देताना तेच मागतात. टॅक्सीच्या पावत्या, हॉटेलचं बिल, सगळं एका पाकिटात. थर्मल कागदाची शाई आपल्या उन्हात आठवडाभरात उडते, म्हणून मिळाली की लगेच मोबाइलवर फोटो काढा.